अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांचे साक्षगंध रद्द करणे अथवा रीतसर पार पाडणेबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
अक्षरोदय सार्वजनिक वाचनालय, कार्यकारिणी निवडणूक,
पहिला मजला, वर्तमानपत्र विभागामागची खोली,
महाल, नागपूर.

अर्जदार : रामाजी गोविंदा वाडीभस्मे, सभासद क्र. ८४६, संयोजक, जाहीर सवाल-जवाब समिती (समितीत दुसरे कोणी नाही).

विषय : अध्यक्षपदाच्या उमेदवारांत ठरलेली जाहीर चर्चा आपण सोयरीक समजून मोडीत काढल्याबाबत.

संदर्भ : १) आमसभेचा ठराव क्र. ९, दि. ५/१०/२०२५. २) नवतंतू समाजभवनाची पावती क्र. ३४१. ३) आपला आदेश दि. १०/११/२०२५, जो फलकावर चार टाचण्यांनी लावला आहे.

महोदय,

आपण एका जिवंत बाईच्या जिवंत नवऱ्याची सोयरीक दुसऱ्या बाईशी जुळवली, ती आदेशात लिहिली, वर गोल शिक्का मारला, आणि हे सगळे वाचनालयाचा नियम अर्धाच वाचून केले, असा अर्जदाराचा आपल्यावर सरळ आरोप आहे. अर्जदार आडून बोलत नाही. त्याने तीस वर्षे कळमन्याच्या बाजारात पोती वाहिली आहेत. ज्याचे पोते फाटके, त्याला तिथे तोंडावर सांगायची रीत आहे.

१. अर्जदार कोण ते आधी सांगणे भाग आहे, कारण आपल्या कार्यालयात त्याला 'ते अर्जवाले बाबा' एवढेच ओळखतात. अर्जदाराचे वय ६३. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते. पोत्यावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याला विचारायचे आणि पाठीवर घ्यायचे, एवढाच त्याचा अक्षरांशी संबंध. पुढे या वाचनालयाच्या तळमजल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भरणाऱ्या प्रौढ वाचन वर्गात श्रीमती सिंधूताई डहाके यांनी त्याला वाचायला शिकवले. तेव्हापासून अर्जदार हाती येईल ते वाचतो, आणि वाचून राग आला की लिहितो. हा त्याचा एकशे चौदावा अर्ज आहे. आधीच्या एकशे तेरांपैकी चारांना उत्तर आले. त्यांतली दोन उत्तरे दुसऱ्याच कोणाची होती.

२. या वर्गात आज एकोणीस जण बसतात. हमाल आहेत, मोलकरणी आहेत, एक निवृत्त चौकीदार आहे, आणि गोपिकाबाई आहेत. गोपिकाबाई भाजी विकतात. वय सत्तर, गुडघे त्याहून जुने. त्या जोडाक्षरांपर्यंत येऊन पोचल्या आहेत. विद्यमान अध्यक्ष मा. दत्तोपंत वझलवार बावीस वर्षे अध्यक्ष आहेत आणि पुन्हा उभे आहेत. निवडून आल्यास १ डिसेंबरपासून तळमजल्यावर संगमरवरी फरशीचे 'अध्यक्षीय दालन' होईल व वाचन वर्ग तिसऱ्या मजल्यावर हलवण्यात येईल, अशी सूचना त्यांनी आताच लावून ठेवली आहे. एका मजल्याला सतरा पायऱ्या, तीन मजल्यांच्या एकावन्न. ती सूचना अर्जदाराने वर्गात मोठ्याने वाचली, तेव्हा गोपिकाबाई एवढेच म्हणाल्या, "तवरक माहे जोडाक्षरं होऊन जातीन ना गा, रामाजी?" त्याच दिवशी सिंधूताईंनी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. त्यांना अध्यक्ष व्हायची हौस नाही. त्यांना तळमजला पाहिजे. या सगळ्या प्रकरणात पणाला लागले आहे ते एवढेच, हे आपण कृपया पुढचे सगळे वाचताना विसरू नये.

३. आता चर्चेचे. दूरदूरच्या मोठ्या देशांत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मतदानाआधी समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना आणि लोकांना उत्तरे देतात, हे अर्जदाराने याच वाचनालयाच्या वर्तमानपत्रांत वाचले. तिथे ज्याच्या हाती बाँबची किल्ली जायची तो माणूस उभा राहतो आणि घाम पुसत बोलतो. इथे कपाटाची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याला बावीस वर्षांत कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. म्हणून अर्जदाराने आमसभेत ठराव मांडला की अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा व्हावी. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण तेव्हा सर्वांचे लक्ष आलूबोंड्यांकडे होते. संयोजक कोण होणार, असे विचारल्यावर सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिले. हात फक्त अर्जदाराचा वर होता, तो ठराव मांडताना वर गेलेला तसाच राहिला होता.

४. मा. दत्तोपंतांनी चर्चेसाठी सतरा अटी पाठवल्या. मूळ पत्र सोबत जोडले आहे. प्रश्न आठ दिवस आधी लेखी मिळावेत व उत्तरे आठ दिवसांनी लेखी दिली जातील. उमेदवार क्र. २ यांनी बोलताना उमेदवार क्र. १ यांच्याकडे पाहू नये. उमेदवार क्र. १ पाणी पीत असता कोणी टाळी वाजवू नये, अन्य वेळी वाजवावी. तळमजला हा विषय चर्चेच्या कक्षेबाहेर ठेवावा. अर्जदाराने शेवटची सोडून सगळ्या अटी मान्य केल्या. सिंधूताईंना त्यांच्या अटी विचारल्या. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, ट्रंक कॉलच्या काळातल्या ऑपरेटर. म्हणाल्या, "मले काही अट नाही. फक्त घड्याळ चालू पाहिजे. तीन मिनिटं झाली की लाईन तोडाची सवय आहे मले, मंग समोर मंत्री का असेना." त्यावरून प्रत्येक पाळी तीन मिनिटांची ठरली. वाचनालयाचे घड्याळ कित्येक वर्षांपासून सव्वादहावर आहे, म्हणून अर्जदाराने आपल्या घरचे नेले.

५. उभे राहून बोलायला वाचनालयात एकच लाकडी स्टँड आहे. दुसरा अर्जदाराने कळमन्याहून संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आणून, खिळे मारून, वर हिरवे कापड लावून तयार केला. कोणाला कोणता द्यायचा याची चिठ्ठी टाकली. पेट्यांचा दत्तोपंतांना आला. त्यांनी घरून मोजपट्टी आणली आणि आपला स्टँड चार बोटे बुटका असल्याचे सिद्ध केले. अर्जदाराने त्याखाली वाचनालयाच्या बावीस वर्षांच्या वार्षिक अहवालांचे गठ्ठे ठेवले. दोन्ही स्टँड बरोबर झाले. त्या अहवालांचा सभासदांना झालेला हा पहिला उपयोग होय.

६. मधे बसून पाळी देणारा माणूस कोणाच्याच बाजूचा नसावा. असा माणूस अर्जदाराने महालात पंधरा दिवस शोधला. महालात कोणी दत्तोपंतांच्या आतेभावाचा साडू निघतो, कोणाच्या आईला सिंधूताईंनी शिकवलेले निघते. शेवटी अर्जदार एसटीत बसून उमरेडला गेला. तिथल्या बसस्थानकावर संघपाल मेश्राम नावाचे गृहस्थ गाड्यांच्या वेळा सांभाळत. आता निवृत्त आहेत. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत असताना मधे शांत बसण्याचा त्यांना तेहतीस वर्षांचा अनुभव. अर्जदाराने सगळे समजावून सांगितले. ते म्हणाले, "मी दोघालेही ओळखत नाही, अन् ओळख करूनही घेत नाही. फक्त गाडी केव्हा सोडाची ते सांगा." अर्जदाराच्या मते संपूर्ण नागपूर जिल्ह्यात याहून निःपक्षपाती माणूस मिळणार नाही.

७. जागेसाठी वाचनालयाचेच सभागृह मागितले. 'अध्यक्षीय वापरात असल्याने देता येत नाही' असे उत्तर अध्यक्षांच्याच सहीने आले. मग अर्जदार नवतंतू समाजभवनात गेला. आता जे सांगायचे आहे त्यात चूक अर्जदाराची आहे, आणि ती तो लपवत नाही. समाजभवनाच्या पावतीबुकात कार्यक्रमाचे चारच खाने छापलेले आहेत : साक्षगंध (साखरपुडा), लग्न, नामकरण, तेरवी. तिथला कारकून सुशील म्हणाला, "काका, तुमचं यातल्या कशात बसते ते सांगा. नाही तं हॉल नाही भेटत." अर्जदार म्हणाला, भाषणाचा कार्यक्रम आहे. सुशील म्हणाला, "भाषणाचं नाव नका काढू गा. भाषणाले दहा ठिकाणच्या परवानग्या लागते. तुम्ही मले फक्त सांगा, होणार काय आहे." अर्जदाराने सांगितले. दोन बाजू समोरासमोर बसतील. एकमेकांना प्रश्न विचारतील. मधे एक मध्यस्थ राहील. लोक पाहतील आणि चहा पितील. सुशीलने पेन उघडले. "मंग हे साक्षगंध नाही तं काय आहे, काका?"

८. अर्जदाराला त्या क्षणी ते पटले. आपल्याकडे साक्षगंधात खरोखर असेच होते. मुलाकडचे आणि मुलीकडचे पाटावर बसतात, काय करता, किती शिकले, पुढे काय, असे चारचौघांत विचारतात, कुंकू लागते आणि शब्द पक्का होतो. अर्जदाराने 'वरपक्ष' या खान्यात दत्तोपंतांचे नाव लिहिले, 'वधूपक्ष' या खान्यात सिंधूताईंचे, आणि 'सोयरीक जुळवणारे मध्यस्थ' यात संघपाल मेश्राम, मु. उमरेड. अक्षर चांगले काढले. कार्यक्रम : साक्षगंध. दिनांक : रविवार, १६/११/२०२५, सायंकाळी ५. ही पावती जागा मिळाल्याचा पुरावा म्हणून अर्जदाराने स्वतःच्या हाताने आपल्या टेबलावर आणून दिली, आणि चर्चेस परवानगी मागितली.

९. परवानगी आली नाही. आला तो आदेश. त्यातले वाक्य अर्जदाराला आता पाठ आहे : 'सादर पावतीवरून उमेदवार क्र. २ या उमेदवार क्र. १ यांच्या नियोजित वधू असल्याचे निष्पन्न होते. नियम ४ अन्वये सोयरीक जुळलेल्या व्यक्ती एकाच कुटुंबातील मानल्या जातात. नियम १९ अन्वये एका कुटुंबातील दोन व्यक्तींना एकाच पदासाठी उभे राहता येत नाही. सबब उमेदवार क्र. २ यांचा अर्ज बाद करण्यात येत आहे.' नियम ४ असा का आहे हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी दोन घरांनी मुलामुलीचे साक्षगंध करून अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष ही दोन्ही पदे वाटून घेतली होती, आणि निवडणूक झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती सोयरीक मोडली. तशा लोकांसाठी केलेला नियम आपण शहात्तर वर्षांच्या गृहस्थाला आणि सहासष्ट वर्षांच्या बाईला लावला. बाईचाच अर्ज का बाद, गृहस्थाचा का नाही, याबद्दल आदेशात एक अक्षर नाही. मतदान २३ तारखेला आहे. उमेदवार एकच उरला. म्हणजे दत्तोपंत बिनविरोध, आणि वर्ग एकावन्न पायऱ्या वर.

१०. अर्जदार त्याच दिवशी मा. दत्तोपंतांच्या घरी गेला. त्यांना वाटले तर एका सहीने ते हे सगळे थांबवू शकत होते. 'माझी सोयरीक झालेली नाही' एवढे चार शब्द. घरात त्यांच्या पत्नी सौ. यमुताई दाणे निवडत बसलेल्या, चव्वेचाळीस वर्षांचा संसार भिंतीवर फोटोत. दत्तोपंतांनी अर्जदाराला बसायला सांगितले, सुपारी दिली, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "रामाजी, चर्चेत माणूस हरू शकतो. सोयरिकीत कोणी हरत नाही." अर्जदाराने आयुष्यात फार भित्रे लोक पाहिले आहेत. पोत्याखाली विंचू निघाला तर पळणारे पाहिले, मुकादम आला तर पळणारे पाहिले. पण एका बाईच्या एका प्रश्नाला भिऊन तिच्याशीच झालेली सोयरीक कबूल करणारा पुरुष त्याने पहिल्यांदा पाहिला.

११. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी सकाळी, यमुताई महोदयांच्या खोलीत आल्या, तेव्हा अर्जदार तिथे बाकावर बसलेला होता. त्या सतरा पायऱ्या चढून आल्या होत्या, पिशवीत डबा होता. त्यांनी आपल्याला विचारले, "साक्षगंध आमच्या घरचं आहे म्हणे रविवारी. मग पाहुण्यांचं काय करायचं ते मला कोण सांगणार? ह्यांना विचारलं तर म्हणतात, निवडणूक होईपर्यंत गप्प बस." आपण म्हणालात, "बाई, हा कौटुंबिक प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "तेच म्हणते मी. कुटुंब कोण ते सांगा." आपण चष्मा पुसलात. त्या पुढे म्हणाल्या, "माझा सभासद क्रमांक दोनशे बारा. चव्वेचाळीस वर्षं झाली. एका कुटुंबाला एक मत म्हणून ते दर वेळी हेच देऊन येतात, आणि घरी येऊन सांगतात की आपण मला मत दिलं. आता ह्यांचं कुटुंब दुसरं झालं असेल तर माझं मत माझं झालं. तसं असेल तर मला ही सोयरीक मान्य आहे, लिहून देते." आपण त्यांना उद्या या म्हणालात. तो उद्या आज आहे. त्या बाहेर बाकावर बसलेल्या आहेत. डबा अर्जदाराने खाल्ला, त्यात सुधारस होता.

१२. सिंधूताई आधी हसल्या. मंगळवारी वर्ग भरला तेव्हा एकोणीस जणांसमोर म्हणाल्या, "माझी सोयरीक झाली अन् मलेच माहीत नाही. मुलगा काय करते, कसा आहे, काही तं सांगा." सगळे हसले. मग त्यांनी पावतीची प्रत हातात घेतली, अर्जदाराचे अक्षर ओळखले, आणि त्यांचे हसू गेले. "रामाजी, तुम्ही हे वाचूनच भरलं न? वरपक्ष वाचलं, वधूपक्ष वाचलं, तरी लिवलं? मंग मी तुमाले वाचाले काहाले शिकवलं?" या प्रश्नाचे उत्तर अर्जदार आज देतो. हमालाला पोत्यावरचे वाचता आले तरी सवय जात नाही. छापून आले ते बरोबर असेल, आपण फक्त उचलायचे, असे त्याला वाटले. तीस वर्षांच्या पाठीला बारा वर्षांचे डोळे पुरे पडले नाहीत. ही चूक अर्जदाराची. पण महोदय, अर्जदार वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वाचायला शिकला. आपण सहाव्या वर्षी शिकला असाल. आपणही खाना पाहिला, माणसे पाहिली नाहीत. आपले काय कारण?

१३. अर्जदाराने पावती रद्द करण्याचाही प्रयत्न केला. सुशीलने कपाटातून रद्द करण्याचा नमुना काढला. त्यात कारणांचे दोनच खाने आहेत : 'मुलगी पसंत नाही' आणि 'मुलगा पसंत नाही'. खाली दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. 'मुलगा पसंत नाही' या खान्याकडे अर्जदार बराच वेळ पाहत उभा राहिला. बावीस वर्षे वाचनालयाच्या सभासदांना असा खाना कोणी छापून दिला नव्हता. सिंधूताईंनी सही केली. वरपक्षाने केली नाही. सुशील म्हणाला, "मंग साक्षगंध कायम आहे, काका. गुच्छ किती लागतीन ते सांगून ठेवा." आज सकाळी समाजभवनाच्या दारावर खडूने दोघांची नावे लिहिली आहेत, मधे स्वस्तिक आहे. संघपाल मेश्राम यांचाही उमरेडहून फोन आला. म्हणाले, "मी पाळ्या द्याले येणार होतो. कोणी तरी विचारून राहिलं, मुलीची पत्रिका कुठं आहे म्हणून. माह्याजवळ तं फक्त शिटी आहे."

१४. आता कायद्याचे. अर्जदाराने काल वर्ग सुटल्यावर तळमजल्यावर बसून वाचनालयाची घटना पहिल्या पानापासून वाचली. यावेळी प्रत्येक ओळ दोनदा. नियम १९ आपण जिथे सोडला तिथे तो संपत नाही. पान उलटल्यावर त्याचे दुसरे वाक्य आहे, आणि ते असे : 'असे घडल्यास उभय उमेदवारांनी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर, सभासदांच्या उपस्थितीत, एकत्र हजर राहून आपल्यापैकी कोण उभे राहणार ते आपसांत बोलून ठरवावे; तोवर कोणाचाही अर्ज बाद समजू नये.' महोदय, हे वाक्य अर्जदाराने वर्गातल्या चौकीदाराकडून वाचून घेतले, मग आणखी एकाकडून, मग सिंधूताईंकडून. सगळ्यांनी तेच वाचले. समोरासमोर. सभासदांसमोर. बोलून. दत्तोपंत ज्याला भिऊन वर झाले, तेच त्यांना आता वर म्हणून करावे लागेल.

१५. यास्तव अर्जदाराची मागणी अशी की आपण दोहोंपैकी एक करावे, तिसरे करू नये.

एक तर यमुताई याच दत्तोपंतांच्या पत्नी आहेत हे मान्य करावे. घरात पत्नी आणि भवनात वधू असे कायद्याला चालत नाही, हे सांगायला वकील नको. मग साक्षगंध खोटे, आदेश खोटा, सिंधूताईंची उमेदवारी कायम, आणि ठराव क्र. ९ प्रमाणे ठरलेली जाहीर चर्चा झालीच पाहिजे.

नाही तर सोयरीक खरी धरावी, आणि पुरी खरी धरावी. सभासद क्र. २१२ यमुताई यांचे मत आजपासून त्यांचे. रविवारी पाच वाजता उभय उमेदवारांना समाजभवनात हजर राहण्याची नोटीस आपण काढावी आणि स्वतः पहिल्या रांगेत बसावे. स्टँड दोन, उंची सारखी. घड्याळ अर्जदाराचे. मध्यस्थ पावतीत लिहिलेला आहेच, तो शिटी घेऊन येईल. कुटुंबात कोण उभे राहणार ते दोघे तीन-तीन मिनिटांच्या पाळीने ठरवतील. साक्षगंधात वधूपक्षाला प्रश्न विचारायचा हक्क असतो. सिंधूताईंचा प्रश्न एकच आहे आणि तो सगळ्या महालाला माहीत आहे : तळमजला कोणासाठी? आपल्याकडे मुलीकडच्यांच्या प्रश्नाला उत्तर न देता वर उठून गेला तर ती सोयरीक होत नाही, आणि तसा मुलगा पुन्हा कोणाच्या दारात उभा करत नाहीत. पाहुण्यांच्या फराळाची काळजी नसावी, ते यमुताईंनी आपल्याकडे घेतले आहे.

१६. या दोहोंत कुठूनही गेले तरी रविवारी दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, हे आपल्या लक्षात आले असेलच. अर्जदाराच्या ते काल रात्री जेवताना लक्षात आले, आणि घास हातातच राहिला.

१७. विचाराधीन, योग्य ती कार्यवाही, वरिष्ठांकडे पाठवले, असे उत्तर अर्जदार घेणार नाही. त्याच्याकडे अशी उत्तरे दोन आहेत, आणि ती दोन्ही दुसऱ्याच माणसाची आहेत. शुक्रवारी, १४ तारखेला, संध्याकाळी सहाला वर्ग भरण्याआधी उत्तर पाहिजे.

आपला नम्र, आणि यापुढे प्रत्येक खाना वाचून भरणारा,

(सही)
रामाजी गोविंदा वाडीभस्मे
निवृत्त हमाल, कळमना
महाल, नागपूर
दि. १२/११/२०२५, बुधवार

सोबत जोडले आहे :

मा. दत्तोपंतांच्या सतरा अटींचे पत्र, मूळ. पावती क्र. ३४१ ची प्रत, अर्जदाराच्या हस्ताक्षरात, ज्याची त्याला लाज आहे. रद्द करण्याचा नमुना, एका सहीचा. नियम १९, दोन्ही वाक्ये, पान उलटून. सौ. यमुताई यांचे संमतिपत्र, सोयरीक मान्य असल्याबद्दल, मत वेगळे मिळण्याच्या अटीवर.

आणि एक रिकामा लिफाफा, आपल्या उत्तरासाठी. त्यावर तिकीट लावलेले नाही, कारण आपल्या टेबलापासून वर्गापर्यंत फक्त सतरा पायऱ्या आहेत, वरून खाली टाकला तरी पोचेल. पत्ता गोपिकाबाईंनी स्वतः लिहिला आहे. 'वाडीभस्मे' लिहायला त्यांना पाऊण तास लागला. आपले उत्तर शुक्रवारी वर्गात त्याच उभ्या राहून सर्वांना वाचून दाखवणार आहेत, म्हणून ते मोठ्या अक्षरात असावे, आणि एकाच शब्दात असावे. रविवारी समोरासमोर उभे करता का? होय, की नाही? दोन्हींत जोडाक्षर नाही. दोन्ही त्यांना वाचता येतात. आपण कोणते लिहिता, ते कळवा.